आंब्याचा हंगाम तोंडावर, आणि खांद्यात प्लेट टाकायची की नाही

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचं पत्र आलं आहे. वय ३१. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी बागेतून घरी येताना वळणावर चिऱ्याच्या बारीक खडीवरून मोटरसायकल घसरली आणि ते उजव्या खांद्यावर आपटले. एक्स-रेत कॉलरबोन, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंत जाणारं आडवं हाड, मधोमध मोडलेलं निघालं. दोन्ही टोकं सुटून एकमेकांवर चढलेली, मध्ये एक लहान तुकडा, आणि हाड साधारण दीड सेंटिमीटर आखूड झालेलं. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, याच आठवड्यात प्लेट टाकून घ्या. घाट चढून कोल्हापूरला दुसऱ्यांना दाखवलं, तर ते म्हणाले, गरज नाही, झोळीत हात ठेवा, जुळेल. वडील म्हणतात, "हाड आपसूक जुळता, पैसे कित्याक घालवतंस?" आणि शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे चल म्हणून मागे लागलेत. डोंबिवलीचा भाऊ फोनवर सांगतो, प्लेट टाक आणि मोकळा हो.

पत्रलेखक लिहितात: "प्लेट टाकली तर पंधरा दिवसांत घळ (आंबे उतरवायची लांब काठी) हातात धरता येईल असं समजलं. एप्रिल-मे गेला तर आमचं वर्ष गेलं. पण ऑपरेशनची भीती वाटते. काकांचं हाड असंच मोडलं होतं, वाकडं जुळलं, टेंगूळ अजून दिसतं. मला तसं अधू व्हायचं नाही. आणि एक डॉक्टर कापायचं म्हणतो, दुसरा नको म्हणतो, म्हणजे यातला एक जण फसवतोय ना?" शेवटी दोन छोटे प्रश्न आहेत. दिवसाला पाच-सहा सिगारेटी होतात, त्या सोडाव्या लागतील का? आणि प्लेट टाकलीच तर ती जन्मभर आत ठेवायची का?

* * *

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आधी खोडावंसं वाटलेलं वाक्य त्या पंधरा दिवसांचं आहे. पंधरा दिवसांत टाके निघतात. ते ऐकून कोणीतरी 'काम सुरू होतं' असं धरलेलं दिसतंय. प्लेट आणि स्क्रू हाडाची टोकं जागेवर धरून ठेवतात, एवढंच. जुळवायचं काम शरीर करतं आणि ते आपल्या गतीनेच करतं. कॅनडातल्या हाडांच्या डॉक्टरांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तुमच्यासारखंच मधोमध मोडून सरकलेलं कॉलरबोन असलेले १३२ जण घेतले आणि कोणाला प्लेट, कोणाला झोळी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसायला प्लेटवाल्यांना सरासरी १६ आठवडे लागले, झोळीवाल्यांना २८. फरक मोठा आहे आणि तो प्लेटच्या बाजूने आहे. पण मार्चच्या मध्यापासून १६ आठवडे मोजून बघा. जुलै उजाडतो.

एक्स-रे पूर्ण भरेपर्यंत हात बांधून ठेवतात असं नाही. प्लेट टाकल्यावर साधारण दोन आठवड्यांत झोळी सुटायला लागते, कंबरेच्या उंचीची हलकी कामं करता येतात, सहा आठवड्यांच्या आसपास हात डोक्यावर न्यायला परवानगी मिळते. जड काम आणि झटक्याचं काम मात्र तीन महिन्यांनी, तेही एक्स-रे बघून. झोळीवाल्यांचं वेळापत्रक याच्या थोडं मागून चालतं.

आता घळीचं काम कसलं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. लांब बांबूच्या टोकाला जाळी आणि कातर असते. ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची, मान वर करून फळ जाळीत घ्यायचं आणि हिसका देऊन देठासकट तोडायचं. जाळीत दोन-चार आंबे जमले की टोकाचं वजन खांद्यावर येतं. हे दिवसातून शेकडो वेळा. कॉलरबोन म्हणजे हात आणि धड यांना जोडणारा हाडाचा एकुलता एक दुवा. हात पूर्ण वर गेला की ते नुसतं उचललं जात नाही, स्वतःभोवती चाळीस-पन्नास अंशांपर्यंत फिरतं. न जुळलेल्या हाडावर असे पीळ पडत राहिले की झोळीवाल्याचं हाड हलतं आणि प्लेटवाल्याचे स्क्रू ढिले होतात, क्वचित प्लेटच वाकते. मग दुसरं ऑपरेशन, आणि ते पहिल्यापेक्षा कटकटीचं.

तेव्हा स्पष्टच सांगते. या वर्षीची घळ तुमच्या हातून गेली आहे. प्लेट टाका किंवा टाकू नका, तुम्ही पुन्हा घळ धराल तेव्हा मृग लागलेला असेल. हे वाचायला बरं वाटणार नाही, पण हंगामाची घाई एकदा निर्णयातून काढून टाकली की एक्स-रेकडे शांतपणे बघता येईल. आत्ता तुम्ही ऑपरेशन हवं की नको हा प्रश्न आंब्याला विचारताय. तो हाडाला विचारा.

आंब्याचं काय करायचं ते वेगळं ठरवा. घळीला माणूस लावा. ऐन हंगामात गडी मिळणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे. नेपाळी मंडळी तर आधीच ठरलेली असतात. पण शेजारच्या बागायतदाराशी बोलून त्याच्या माणसांचे काही दिवस वाटून घेता येतात. डोंबिवलीच्या भावाला सांगा, सल्ल्याबरोबर आठ दिवसांची रजाही पाठव. तुमचा स्वतःचा वाटा पडवीत आहे. फळ निवडणं, वजनाप्रमाणे लावणं, पेंढ्यात पेट्या भरून घेणं, वाशीच्या दलालाशी भाव बोलणं. ही कामं टेबलाच्या उंचीवर होतात आणि दोन-तीन आठवड्यांनी, दुखणं उतरल्यावर, बिनप्लेटचा माणूसही ती करू शकतो. प्लेटवाला ती जरा लवकर आणि कमी कण्हत करेल. पहिले दीड-दोन महिने हा फरक खरा असतो, तो मी नाकारत नाही.

आता दोन डॉक्टर, दोन मतं. यातला एक फसवतोय असं तुम्ही गृहीत धरलंय. फसवणारे असतात, आमच्या धंद्यातही असतात. पण या विशिष्ट हाडाबाबत दोन प्रामाणिक डॉक्टर एकाच एक्स-रेवर दोन मतं देऊ शकतात, आणि त्याला इतिहास आहे.

१९६० साली चार्ल्स नीर नावाच्या अमेरिकन सर्जनने मधोमध मोडलेल्या कॉलरबोनचा मोठा हिशेब मांडला. ऑपरेशन न केलेल्या २२३५ जणांपैकी फक्त तिघांचं हाड जुळलं नव्हतं. गंमत म्हणजे ऑपरेशन केलेल्या थोड्या लोकांत न जुळण्याचं प्रमाण जास्त निघालं. पुढची तीसेक वर्षं जगभर हाच नियम झाला की कॉलरबोनला हात लावू नका. म्हणजे तुमच्या वडिलांचं म्हणणं आणि त्या काळच्या पाठ्यपुस्तकाचं म्हणणं एकच होतं. मग नव्वदच्या दशकात डॉक्टरांनी फक्त मोठ्या माणसांची आणि फक्त पूर्ण सरकलेली हाडं वेगळी काढून मोजली, आणि एक्स-रेबरोबर रुग्णालाही विचारलं की बाबा, तुझा खांदा चालतो का. तेव्हा चित्र बदललं. न जुळणारी हाडं शंभरात दहा-पंधरापर्यंत निघू लागली. कॅनडाच्या त्या अभ्यासात झोळीच्या ४९ जणांपैकी ७ जणांचं हाड वर्षाअखेर जुळलं नव्हतं आणि ९ जणांचं त्रास देईल असं वाकडं जुळलं होतं. प्लेटच्या ६२ जणांत न जुळलेले २ होते, वाकडं जुळून त्रास देणारं एकही नाही.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल, मग टाका प्लेट. पण पुढे ऐका. एडिंबरोच्या डॉक्टरांनी २०१३ साली असाच अभ्यास २०० जणांवर केला. त्यात ज्यांचं हाड जुळलंच नाही त्यांना हिशेबातून बाजूला काढल्यावर उरलेल्या झोळीवाल्यांचा खांदा वर्षभराने प्लेटवाल्यांइतकाच चालत होता. ब्रिटनमध्येच ३०१ जणांचा अभ्यास २०१७ साली आला. नऊ महिन्यांनी झोळीच्या शंभरातल्या अकरा जणांचं हाड जुळलं नव्हतं, प्लेटच्या शंभरात जेमतेम एकाचं.

हा आकडा घरात बसून उलटा-सुलटा करून बघा. शंभर जणांना प्लेट टाकली तर दहा जणांचं न जुळणं टळतं. म्हणजे दहांतला एक. उरलेल्या नऊ जणांचं हाड बहुतेक करून तसंही जुळलं असतं, आणि त्यांनी चीर, भूल, खर्च, व्रण हे सगळं पहिल्या दोन महिन्यांच्या आरामासाठी सोसलं. तुमचा पहिला डॉक्टर त्या एकाकडे बघतोय, कोल्हापूरचे त्या नऊ जणांकडे बघतायत. कोणी खोटं बोलत नाहीये.

आणि तो एक जण निघालाच तर? जे हाड पाच-सहा महिन्यांनीही जुळलं नाही त्याला तेव्हा प्लेट टाकता येते, लागलंच तर कंबरेच्या हाडाचा थोडा चुरा भरून. ऑपरेशन जरा मोठं होतं, पण बहुतेकांचं हाड त्यानंतर जुळतं. आज नाही म्हटलं म्हणून दार बंद होत नाही. 'याच आठवड्यात' हीही घाई नको. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कधीही प्लेट टाकली तरी चालतं. तुमचे दहा दिवस झालेत, म्हणजे अजून विचाराला वेळ आहे.

घाई कधी असते तेही इथेच सांगते, कारण हे सदर वाचून कोणी चुकीचा धीर धरू नये. हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलंय, किंवा आतून इतकं टोचतंय की वरची कातडी ताणून पांढरी पडलीय. हात गार पडलाय, बोटं बधिर झालीत, मनगटात जोर नाही. श्वास घेताना लागतंय, दम भरतोय. यातलं काहीही असेल तर पत्र लिहीत बसू नये, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठावं. या हाडाच्या मागूनच हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो आणि फुप्फुसाचं टोकही तिथेच असतं.

याच कारणासाठी वडिलांना हाड बसवणाऱ्याच्या बाबतीत मात्र नाही म्हणा. हाड जुळतं हे त्यांचं म्हणणं बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे, तसं त्यांना सांगा. मान दिला की ऐकतात. पण ओढून-दाबून बसवलेलं कॉलरबोन जागेवर राहतच नाही, मानेचे आणि हाताचे स्नायू ते दोन बाजूंना खेचत असतात. फायदा शून्य, आणि चोळताना टोक आत सरकलं तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. तेलाचं मालीशही तिथे नको. पाठीला करून घ्या हवं तर.

आता तुमच्या हाडाकडे येऊ. एक्स-रे माझ्यासमोर नाही, त्यामुळे 'टाका' किंवा 'टाकू नका' असं मी सांगणार नाही, पण काटा कुठे झुकतो ते सांगते. प्लेटच्या बाजूला काय आहे? टोकं पूर्ण सुटलेली आहेत, मध्ये तुकडा आहे, वय कामाचं आहे, काम डोक्यावर हात नेऊन करायचं आहे, आणि सिगारेट आहे. सरकलेलं हाड, तुकडे आणि धूम्रपान, या तिन्हींमुळे न जुळण्याची शक्यता वाढते. झोळीच्या बाजूला काय आहे? आखूडपणा दीड सेंटिमीटर आहे. आम्ही ढोबळमानाने दोनच्या पुढे गेलं की प्लेटचा विचार जास्त गांभीर्याने करतो. आणि दुसरी एक गोष्ट आहे, जी तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी विचारली नसावी. तुम्ही आंब्याच्या पेट्या कशा उचलता?

बागेतून रस्त्यापर्यंत गाडी जात नाही अशा कितीतरी बागा आहेत. क्रेट खांद्यावर मारून पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर आणायचा. प्लेट बसते ती नेमकी तिथे. कॉलरबोनवर मांस नसतं, कातडीखाली लगेच हाड लागतं. वरच्या अंगाने बसवलेली प्लेट बोटाने चाचपता येते, आणि क्रेटची कड रोज तिच्यावर घासली की दुखते. प्लेट काढून टाकायची पाळी येते ती बहुतेक वेळा या टोचण्यामुळेच. म्हणून ऑपरेशन ठरलंच तर सर्जनला सांगा, मी खांद्यावर ओझी वाहतो, प्लेट पुढच्या-खालच्या अंगाला बसवता येईल का? काही मोडींना ते जमतं, काहींना नाही. पण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही, कारण त्यांच्या समोर एक्स-रे असतो, पाखाडी नसते. व्रणाच्या खाली छातीवर तळहाताएवढा भाग बधिर राहू शकतो, तो कायमही राहू शकतो. त्याने काम अडत नाही, पण आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस घाबरतो. जखमेत जंतू जाणं थोड्या जणांना होतं, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत जखम भरायलाही वेळ लागतो.

मी तुमच्या जागी असते तर या दोन-चार दिवसांत आणखी एक एक्स-रे काढून घेतला असता, उभं राहून. अपघाताच्या दिवशी तुम्हाला स्ट्रेचरवर झोपवून काढला असणार. झोपल्यावर हाताचं वजन उतरतं आणि टोकं जवळ दिसतात; उभं राहिलं की हात खाली ओढला जातो आणि खरं अंतर कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत हाड आणखी सरकूही शकतं. दीडाचे सव्वादोन झाले असतील, किंवा मधला तुकडा आडवा उभा राहून कातडीला टोचत असेल, तर मी प्लेटकडे झुकेन आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांना तो नवा एक्स-रे पाठवून पुन्हा विचारेन. तेही बहुधा मत बदलतील. तेवढंच असेल किंवा कमी असेल, तर झोळी. सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. तोवर दुखणं बरंच उतरलं असेल आणि टोकांभोवती नव्या हाडाचं ढगासारखं धूसर सावट दिसत असेल तर निर्धास्त राहा. सहा आठवड्यांनी दुखणं जैसे थे आणि एक्स-रे कोरा, तर पुन्हा प्लेटची चर्चा करा.

सिगारेटबद्दल मी घासाघीस करणार नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला लागणारं रक्त तिथे पोचत नाही. तंबाखू-मिश्रीलाही हेच लागू. प्लेटवर हजारो रुपये खर्चायला तयार असलेल्या माणसाने फुकटचा उपाय पुढे ढकलू नये. निदान हाड जुळेपर्यंत बंद. एकदम जमत नसेल तर डॉक्टरांशी बोला.

काकांच्या टेंगळाचं राहिलं. काका त्या खांद्याने काय करतात ते तुम्ही लिहिलं नाही. घरी जाऊन विचारा. माडाखाली उभं राहून काठीने झावळ ओढतात का? विहिरीतून पाणी शेंदतात का? रात्री त्या कुशीवर झोपतात का? मला अंदाज आहे उत्तरं काय येतील, पण तुम्ही विचारलेली बरी. टेंगूळ दिसणं आणि हात अधू होणं या दोन गोष्टी तुमच्या मनात एक झाल्या आहेत. वाकडं जुळलेलं प्रत्येक हाड त्रास देत नाही. काहींना हात वर धरून काम केल्यावर लवकर थकवा येतो, काहींना खांदा पुढे झुकल्यासारखा वाटतो, बऱ्याच जणांना आरशात दिसतं तेवढंच. आणि प्लेटनेही दिसण्याचं सगळं सुटत नाही. तिथे टेंगूळ असतं, इथे बोटभर लांब व्रण. लग्नाच्या मुलींच्या आयांना मी हे नेहमी सांगते.

झोळी ठरली तर पाठीवरून आठाच्या आकड्यासारखा घट्ट आवळतात तो पट्टा हवा की साधी झोळी, हे विचारा. १९८७ साली डेन्मार्कमध्ये दोन्हींची तुलना झाली. हाड जुळण्यात आणि सरळ राहण्यात फरक पडला नाही, पट्ट्याचा त्रास मात्र जास्त झाला. एप्रिलच्या उकाड्यात काखेत तो पट्टा कसा काचतो आणि घामाने कातडी कशी सोलवटते ते मी पाहिलंय. साधी झोळी पुरे. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहा, नाहीतर हाड जुळेल आणि कोपर आखडून बसेल. दुखणं थोडं कमी झालं की पुढे वाकून हात लोंबता सोडून हळूहळू गोल फिरवायचा. काखेत साबण लावायचा तोही याच वेळी, असंच वाकून. खांद्याच्या वर हात नेणं डॉक्टर सांगतील तेव्हाच. रात्री दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा, आडवं पडलं की पहिले काही दिवस जास्त दुखतं. सदरा पुढून बटणांचा घाला. दुखरा हात बाहीत आधी घालायचा, काढताना सगळ्यात शेवटी. मोटरसायकल नको. खड्ड्याचा प्रत्येक दणका हँडलवरून सरळ त्या हाडात जातो.

आता थोडं इतर वाचकांसाठी, कारण या पत्रासारखी पत्रं आणखी येतील. लहान मुलांचं कॉलरबोन जवळजवळ नेहमी प्लेटशिवाय जुळतं, वाढत्या वयात ते सरळही होत जातं. कोणी पाच वर्षांच्या मुलाला प्लेट सुचवली तर दुसरं मत घ्या. खांद्याच्या टोकाजवळ, बाहेरच्या भागात मोडलेलं हाड हा वेगळा प्रकार आहे. तिथे हाडाला खाली बांधून ठेवणारे बंध तुटलेले असले तर न जुळण्याची भीती जास्त असते, तेव्हा वरचे आकडे त्याला लावू नका. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणाऱ्या बायांना मी सांगते, कामावर लवकर जायचं असेल तर आधी हे ठरवा की पाटी कोण उचलून देणार; डोक्यावरच्या ओझ्यापेक्षा ते उचलताना हाडाला जास्त पीळ पडतो. खलाशांचं मे महिन्यात मोडलं तर एक बरं असतं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते. ऑगस्टमध्ये जाळं ओढायला जाण्याआधी एक्स-रे मात्र काढून घ्या. बंदी संपली म्हणून हाडही जुळलं असेल, असं काही नाही.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण वडिलांच्या बोलण्यात ते आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते योजनेत अंगीकृत असलेल्या रुग्णालयातच आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा आणि हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का हे भरती होण्याआधी विचारा. नंतर विचारलं की हेलपाटे होतात. योजनेबाहेर करायचं असेल तर एकूण खर्च लेखी घ्या: प्लेट कोणत्या धातूची, तिची वेगळी किंमत किती, भूल, खोली, औषधं. प्लेटच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये लावून मागा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली किंवा दुसऱ्या गावात प्लेट काढायची झाली, तर त्या डॉक्टरला तेच लागतं.

शेवटचा प्रश्न, प्लेट जन्मभर ठेवायची का. टोचत नसेल, दुखत नसेल तर राहू द्या, काढायलाच हवी असं नाही. टोचत असेल तर काढता येते, पण वर्ष-दीड वर्षाच्या आत नको, आणि हाड पूर्ण भरल्याचं एक्स-रेवर दिसल्याशिवाय तर नकोच. काढल्यावर स्क्रूंची भोकं भरून यायला काही आठवडे जातात आणि तेवढ्या काळात हाड पुन्हा मोडू शकतं. तुमच्या बाबतीत काढायची वेळ आलीच तर पुढच्या वर्षीचा आंबा उतरून घ्या आणि जूनच्या अखेरीस जा. त्या पावसाळ्यात भाताचे भारे खांद्यावर घ्यायचे नाहीत आणि नांगर धरायचा नाही, एवढं घरी आधीच सांगून ठेवा.